वाहक म्हणजे रुग्ण नव्हे : आजार समजून घेताना लागणारे काही शब्द



मागच्या दोन व्याख्यानांत आपण निरोगी शरीर कसं चालतं ते पाहिलं. आजपासून बिघाडाकडे वळायचं आहे. रोग शरीरात शिरतो म्हणजे काय होतं, तो कुठे बसतो, काय मोडतो, हे समजून घ्यायचं. पण त्याआधी आज फक्त शब्द घेणार आहोत. तुम्ही म्हणाल, शब्दांवर अख्खं व्याख्यान कशाला? तर त्याचं कारण आधी सांगतो.

आम्ही सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर सिकलसेलच्या तपासणीसाठी गेलो होतो. रक्त तपासून झालं, काही दिवसांनी निकाल घेऊन परत गेलो. एका मुलीच्या कागदावर लिहिलं होतं ‘वाहक’. तिच्या आईने कागद हातात घेतला, शेजारणीकडून वाचून घेतला आणि आम्हाला विचारलं, “बाई, म्हणजे माझी पोर आता हा रोग घरोघर वाहत नेणार का?” त्या दिवसापासून म्हणे मुलीचं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. मुलगी ठणठणीत होती. तिला काहीही झालं नव्हतं, आणि तिच्यामुळे कुणालाही काही होणार नव्हतं. सगळा घोळ एका शब्दाने केला होता, आणि तो शब्द आमच्याच माणसांनी कागदावर लिहिला होता.

म्हणून आज शब्द. सोपे वाटणारे, रोज कानावर पडणारे, पण अर्थ घसरला की माणसाचं नुकसान करणारे.

रोग आणि आजारपण

पहिली जोडी. रोग म्हणजे शरीराच्या रचनेत किंवा कामात झालेला बिघाड. आजारपण म्हणजे माणसाला जे जाणवतं ते : अंग मोडून येणं, भूक न लागणं, कामावर न जाता येणं. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर येतात, पण नेहमीच नाही.

रक्तदाब घ्या. वरचा आकडा १६० असलेला माणूस सकाळी उठून गोदाकाठी फिरून येतो, चहा पितो, दुकान उघडतो. त्याला रोग आहे, आजारपण नाही. मधुमेहाचंही तसंच. साखर वाढलेली असते, डोळ्यांच्या पडद्यावरच्या, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होत असतात, आणि माणूस म्हणतो, “मला तर काहीच होत नाही.” त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याला काही ‘होत’ नाही, त्याच्या शरीरात मात्र होत असतं. गोळी कशासाठी घ्यायची, याचं उत्तर या दोन शब्दांमधल्या फरकात आहे.

लक्षण आणि चिन्ह

मराठीत आपण दोन्हींना लक्षणच म्हणतो. वैद्यकात मात्र फरक करतात. लक्षण म्हणजे रुग्ण सांगतो ते : डोकं दुखतंय, मळमळतंय, दम लागतोय. चिन्ह म्हणजे दुसऱ्याला दिसतं, मोजता येतं ते : डोळे पिवळे, ताप १०२, प्लीहा हाताला लागते आहे. लक्षण ऐकायचं असतं, चिन्ह शोधायचं असतं. लहान मूल बोलत नाही, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना चिन्हांवरच जास्त भर द्यावा लागतो.

आता महत्त्वाचं. लक्षण गेलं म्हणजे रोग गेला असं नाही. दोन उदाहरणं देतो.

डेंग्यूत दोन ते सात दिवस ताप असतो आणि मग तो उतरतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण काही रुग्णांत ताप उतरण्याच्या सुमारासच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्तदाब पडतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अतिशय मरगळ ही धोक्याची खूण. ताप नाही म्हणून घरी बसायचं नाही.

दुसरं क्षयरोगाचं. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खोकला कमी होतो, वजन वाढतं, माणूस कामाला लागतो. साध्या क्षयरोगाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे आहेत. पण लक्षण गेलं की गोळ्या बंद करणारे खूप. उरलेले जंतू मग औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. पहिल्यापेक्षा वाईट अवस्था.

तीव्र आणि जुनाट

डॉक्टर ‘ॲक्यूट’ म्हणतात, आपण त्याचं मराठी करतो ‘तीव्र’. इथे फसगत होते. बोलण्यात तीव्र म्हणजे जोराचं, भयंकर. वैद्यकात ॲक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं आणि थोड्या काळाचं. साधी सर्दीही ॲक्यूटच असते, तिच्यात भयंकर काही नाही. तसंच ‘क्रॉनिक’ म्हणजे जुनाट, दीर्घकाळ चालणारं. ते सौम्य असेलच असं नाही. जुनाट मूत्रपिंडविकार माणसाला डायलिसिसपर्यंत नेतो. म्हणजे एक मोजमाप काळाचं, दुसरं जोराचं. रिपोर्टवर ‘ॲक्यूट’ वाचून घाबरू नका आणि ‘क्रॉनिक’ वाचून निर्धास्त होऊ नका.

सूज आणि संसर्ग

आणखी एक सरमिसळ. घसा लाल झाला, सांधा सुजला, की आपण म्हणतो “इन्फेक्शन झालंय, अँटिबायोटिक द्या.” संसर्ग म्हणजे जंतू शरीरात शिरून वाढणं. दाह म्हणजे इजेला शरीराने दिलेला प्रतिसाद : लाली, उष्णता, सूज, वेदना. जंतू शिरले की दाह होतो हे खरं, पण जंतूंशिवायही होतो. पाय मुरगळला, सुजला, तिथे जंतू कुठे आहेत? आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते, तिथेही जंतू नाहीत. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. मुरगळलेल्या पायावर नाही आणि विषाणूच्या सर्दीवरही नाही.

आणि संसर्ग झाला म्हणजे रोग झालाच, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेला आहे. त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. बाकीच्यांत शरीर जंतूला डांबून ठेवतं.

कारण, संप्राप्ती, निदान

आता जरा आपल्या जुन्या शास्त्राकडे बघू. आयुर्वेदात रोग ओळखण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांना निदानपंचक म्हणतात : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. गंमत बघा, तिथे ‘निदान’ म्हणजे रोगाचं कारण. आज आपण ‘डॉक्टरांनी निदान केलं’ म्हणतो तेव्हा अर्थ असतो रोग ओळखला. शब्द तोच, अर्थ सरकला. आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोगापर्यंतचा प्रवास. आधुनिक वैद्यकातली रोगाची कल्पना वेगळी आहे, पण हा शब्द आम्हाला फार उपयोगी वाटतो. ‘कशामुळे झालं’ हा एक प्रश्न आणि ‘कसं कसं होत गेलं’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरं लागतात.

सिकलसेलचंच उदाहरण घेऊ, म्हणजे हे सगळे शब्द एका दोरीत ओवता येतील. आपल्या नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर अशा आदिवासी भागांत हा आजार घरोघरी ठाऊक असायला हवा.

रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड नावाचा घटक असतो. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येतो. बस, एवढाच बदल. हे झालं कारण, आणि ते जनुकात आहे, आईबापांकडून आलेलं.

आता संप्राप्ती. प्राणवायू कमी झाला की हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक दोरे तयार करतं. गोल, लवचिक पेशी वाकून विळ्यासारखी होते. म्हणून नाव सिकल, म्हणजे विळा. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. शिवाय साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी होणारी १० ते २० दिवसांत फुटते.

मग लक्षणं आणि चिन्हं येतात. पेशी फुटतात म्हणून रक्त कमी, म्हणून थकवा, म्हणून डोळे पिवळे. वाहिन्या अडतात म्हणून हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना. लहान बाळाचे हातपाय सुजतात. हे सगळं साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर दिसू लागतं, कारण तोवर बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते सांभाळून घेतं.

त्यानंतर गुंतागुंत. हा शब्दही नीट घ्या. गुंतागुंत म्हणजे मूळ रोगातून उपजलेला नवा बिघाड. प्लीहेत वारंवार रक्त अडून ती निकामी होते, आणि प्लीहा जंतूंशी लढणारा अवयव असल्याने मुलाला न्यूमोनियासारखे संसर्ग जोरात होतात. म्हणून अशा मुलाला ताप आला की ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, लगेच दवाखाना. म्हणूनच लसी आणि पेनिसिलिन वेळेवर द्यावं लागतं.

बघा, हा आजार जुनाट, पण त्यात अधूनमधून येणारा वेदनेचा झटका ॲक्यूट. एकाच माणसात दोन्ही.

वाहक : एक शब्द, चार माणसं

आता त्या पाड्यावरच्या आईकडे परत येऊ.

वाहक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पहिला कोण येतो? एसटीतला. चालक गाडी चालवतो, वाहक तिकीट फाडतो. तो झाला पहिला. वैद्यकात हाच शब्द आणखी तीन अर्थांनी वापरतात आणि तिन्ही एकमेकांपासून लांब आहेत.

दुसरा वाहक म्हणजे रोगजंतू एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा कीटक. डेंग्यूचा वाहक एडिस डास. याचं मोल किती आहे ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात दिसतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत महाराष्ट्रभर पसरला. भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९ साली प्लेगनेच गेले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, म्हणजे कारण ठाऊक होतं. पण तो माणसापर्यंत कसा येतो ते ठाऊक नव्हतं. सरकारने घरं तपासली, सामान जाळलं, माणसं छावण्यांत नेली. पुण्यात त्या सक्तीवरून जो उद्रेक झाला तो तुम्हाला ठाऊक आहे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरची पिसू प्लेग नेते. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. कारण कळलं तरी वाहक कळला नाही, तर उपाय भलत्याच ठिकाणी होतो. पिसू मोकळी राहते आणि माणसं कोंडली जातात.

तिसरा वाहक म्हणजे स्वतः आजारी न दिसणारा, पण जंतू पसरवणारा माणूस. विषमज्वर होऊन बरा झालेला एखादा माणूस महिनोन्‌महिने विष्ठेतून जंतू बाहेर टाकत राहू शकतो. तो स्वयंपाकी असेल तर धोका खरा आहे.

आणि चौथा, जनुकाचा वाहक. आपल्या प्रत्येकाकडे हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही चांगल्या तर ‘एए’. दोन्ही बदललेल्या तर ‘एसएस’, तो सिकलसेलचा रुग्ण. एक चांगली, एक बदललेली तर ‘एएस’. हा वाहक. त्याची चांगली प्रत काम भागवते. तो शेती करतो, शाळेत जातो, संसार करतो, साधारण इतकंच आयुष्य जगतो. फार अतिश्रम, शरीरातलं पाणी खूप कमी होणं, अति उंचावर जाणं, अशा टोकाच्या प्रसंगी क्वचित त्रास होऊ शकतो, तेवढी काळजी घ्यायची. हा वाहक शिंकून, शिवून, एका ताटात जेवून, कशानेही हे कुणाला देऊ शकत नाही. देऊ शकतो फक्त स्वतःच्या मुलांना.

उलट, एएस असणाऱ्याला मलेरियाच्या घातक प्रकारापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून का राहिलं, याचं उत्तर त्यात आहे. म्हणजे ज्याला गाव कलंक समजतं, त्याने कधीकाळी त्याच गावची माणसं वाचवली असतील.

त्या आईला आम्ही हेच सांगितलं, वेगळ्या भाषेत. दोन बियाणांच्या पिशव्या घेऊन बसलो. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “मग वाहक कशाला लिहिता? एक बी वेगळं आहे, असं लिहा ना.” आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आम्ही कागद देताना तोंडी हेच वाक्य म्हणतो.

चाळणी आणि खात्री

तपासणीचे दोन शब्दही घ्या. गावात बोटातून रक्त घेऊन करतात ती सोल्युबिलिटी चाचणी. द्रावण गढूळ झालं तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण ही चाळणी आहे. गढूळ झालं म्हणजे एएस की एसएस, ते ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची तपासणी करावी लागते. चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असं नव्हे. मधल्या दिवसांत कुणी मुलीला रुग्ण म्हणू नये.

नवे रुग्ण, एकूण रुग्ण

शेवटची जोडी आकड्यांची. वर्तमानपत्रात कधी ‘नवे रुग्ण’ येतात, कधी ‘एकूण रुग्ण’. आपलं गंगापूर धरण डोळ्यांपुढे आणा. पावसाने आत येणारं पाणी म्हणजे नवे रुग्ण. धरणातला साठा म्हणजे एकूण रुग्ण. पाणी दोन वाटांनी कमी होतं : रुग्ण बरे होतात किंवा दगावतात. आता समजा सिकलसेलचे उपचार सुधारले, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी झटके कमी झाले, मुलं मोठी होऊ लागली. तर साठा वाढेल. वाचणारा म्हणेल, रोग वाढला. खरं तर माणसं जगू लागली. म्हणून आकडा पाहिला की आधी विचारायचं, हे येणारं पाणी की साठलेलं?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, उद्दिष्ट २०४७ चं आहे. तपासणी जशी वाढेल तसे आकडेही वाढलेले दिसतील. लपलेलं उघड झालं, एवढाच बराचसा त्याचा अर्थ असेल.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : मुलगी वाहक निघाली तर तिचं लग्न करू नये का?

जरूर करावं. आणि हा प्रश्न आम्हाला नेहमी मुलीबद्दलच विचारला जातो, मुलाबद्दल कुणी विचारत नाही. जनुक दोघांकडूनही तितकंच येतं. हिशोब असा : एक वाहक आणि एक एए, तर एकही मूल सिकलसेलचं रुग्ण होणार नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. फासा दर वेळी नव्याने पडतो. म्हणून दोघांनीही तपासून घ्यावं. दोघेही वाहक असूनही लग्न झालं असेल, तर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतच डॉक्टरांना सांगावं, गर्भाची तपासणी करता येते.

प्रश्न : हे सगळं डॉक्टरांना माहीत असताना आम्ही शब्द कशाला पाठ करायचे?

पाठ करू नका. दवाखान्यातून निघताना एवढंच विचारा : याचं कारण काय, हे किती दिवसांचं आहे, हे दुसऱ्याला लागतं का, आणि कोणती खूण दिसली तर लगेच परत यायचं? नाशिकला, आपल्या म्हसरूळला, १९९८ पासून राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरचे डॉक्टर तिथून पदवी घेतात. पण घरी परतल्यावर ताट वेगळं ठेवायचं की नाही हे आई ठरवते. तिला हे चार प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि आम्हाला तिला कळेल असं उत्तर देता आलं पाहिजे.

पुढच्या वेळी दाह या एका शब्दावर सविस्तर बोलू.